जेम्स राल्फची लेखणी आणि तिचे वर्षासन

१७४२ च्या फेब्रुवारीत रॉबर्ट वॉलपोल पायउतार झाला. वीस वर्षांहून अधिक काळ ब्रिटनचा कारभार त्याच्या मुठीत होता, म्हणून विरोधकांची पहिली मागणी हिशेब तपासण्याची होती. संसदेने गुप्त समिती नेमली आणि खजिन्याच्या वह्या उघडल्या. त्यांत दिसले ते असे: मागच्या दहा वर्षांत वर्तमानपत्रांचे लेखक आणि मुद्रक यांच्यावर सरकारी खजिन्यातून ५०,०७७ पौंड आणि १८ शिलिंग खर्च झाले होते. विल्यम अर्नाल या एकाच लेखकाच्या नावावर चार वर्षांत जवळजवळ ११,००० पौंड पडले होते. हा सगळा पैसा अर्नालच्या खिशात गेला असे नव्हे. छपाई, कागद, आणि सरकारचे गुण गाणारे अंक टपालाने गावोगाव फुकट पोहोचवणे, हे सारे त्यातच होते. तरीही आकडा ऐकून लंडनचे डोळे पांढरे झाले. लेखणी विकत मिळते हे सगळ्यांना ठाऊक होते. तिच्यासाठी इतके मोजले जातात हे आता कळले.

या बाजारात ज्यांनी आयुष्य काढले त्यांच्यापैकी एक जेम्स राल्फ. कवी, नाटककार, संपादक, इतिहासकार, परीक्षक, राजकीय पत्रकार अशी सगळी कामे त्याने केली आणि प्रत्येक काम पैशासाठी केले. वाङ्मयाच्या इतिहासात त्याला दोन ओळींची जागा मिळते, आणि त्या दोन्ही ओळी दुसऱ्यांच्या आहेत: एक बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रातली, दुसरी अलेक्झांडर पोपच्या विडंबनकाव्यातली. एकात तो उडाणटप्पू मित्र आहे, दुसऱ्यात हास्यास्पद कवी. या व्याख्यानात मांडायचे आहे ते एवढेच, की राल्फने पैसे घेऊन लिहिले यात त्याला कमीपणा नाही. पैसे घेऊन लिहिण्याबद्दल त्याने जे मांडले ते तर त्या शतकातल्या फार थोड्यांना मांडता आले. त्याच्या आयुष्यात एक व्यवहार मात्र असा आहे जो सोडून देता येत नाही. तोही सांगायचा आहे.

राल्फचा जन्म १७०५ च्या आसपास अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत झाला. १७२० नंतरच्या फिलाडेल्फियात तो एका व्यापाऱ्याकडे कारकून होता आणि फ्रँकलिन छापखान्यात. आणखी दोघे मित्र होते, ऑस्बोर्न आणि वॉटसन. रविवारी हे चौघे गावाबाहेर स्कूलकिल नदीकाठच्या रानात फिरायला जात आणि एकमेकांना आपले लिखाण वाचून दाखवत. राल्फला वाटे की कवी व्हावे, कीर्ती मिळवावी आणि पैसाही. ऑस्बोर्न त्याला बजावी की हा तुझा प्रांत नव्हे, निमूट कारकुनी कर.

एकदा चौघांनी ठरवले की बायबलातल्या अठराव्या स्तोत्राचे प्रत्येकाने पद्यरूपांतर करून आणायचे. राल्फने आपली रचना गुपचूप फ्रँकलिनला दाखवली आणि सांगितले, “ऑस्बोर्न माझे काही चांगले म्हणणारच नाही. तुझ्याबद्दल त्याच्या मनात असूया नाही, तेव्हा हे तू तुझे म्हणून वाच.” बैठकीच्या दिवशी राल्फ म्हणाला, मला काही जमले नाही. फ्रँकलिनने आढेवेढे घेत कागद काढला. वाचून झाल्यावर ऑस्बोर्न आणि वॉटसन यांनी हारच मानली. राल्फने मुद्दाम दोन-चार खोड्या काढल्या, तेव्हा ऑस्बोर्न त्याच्यावर उखडला. घरी परतताना तो राल्फजवळच फ्रँकलिनचे कौतुक करत सुटला आणि मूळ स्तोत्राहूनही हे सरस झाले आहे, इथपर्यंत गेला. पुढच्या बैठकीत भांडे फुटले आणि ऑस्बोर्नची बरीच थट्टा झाली. राल्फच्या मनाने मात्र तिथेच घेतले की आपण कवीच. कारकुनाच्या टेबलावरून तो जो उठला तो याच एका संध्याकाळच्या बळावर. नावाकडे बघून वाचणाऱ्या जगाला नाव बदलून फसवता येते, हा धडाही त्याला तिथेच मिळाला. पुढे त्याचे निम्मे आयुष्य टोपणनावांखाली गेले.

१७२४ च्या नोव्हेंबरात तो फ्रँकलिनबरोबर लंडनच्या जहाजावर चढला. घरी बायको आणि एक मूल होते. व्यापाराच्या ओळखी करून परत येतो असे सांगून तो निघाला होता. परत जायचे नाही हे त्याने फ्रँकलिनला बोलून दाखवले ते लंडनला पोहोचल्यावर. नाताळच्या आदल्या दिवशी दोघे लंडनला उतरले. पेनसिल्व्हानियाच्या गव्हर्नरने फ्रँकलिनला ज्या शिफारसपत्रांच्या आणि पतपत्रांच्या भरवशावर पाठवले होते ती पत्रे लिहिलीच गेली नव्हती. फ्रँकलिनजवळ १५ पिस्तोल म्हणजे सोन्याची नाणी होती, राल्फजवळ काहीच नव्हते. लिटल ब्रिटन या भागात आठवड्याला साडेतीन शिलिंग भाड्याची खोली घेऊन दोघे राहिले.

राल्फने त्या दिवसांत काय काय ठोठावून पाहिले ते बघण्यासारखे आहे, कारण पोटासाठी लिहू पाहणाऱ्यापुढे तेव्हा कोणते दरवाजे होते याचा तो नकाशाच आहे. आधी तो नाटकमंडळीकडे गेला. रॉबर्ट विल्क्स या नामवंत नटाने त्याला स्पष्ट सांगितले की या धंद्याचा नाद सोड. मग पॅटरनॉस्टर रोवरच्या रॉबर्ट्स नावाच्या प्रकाशकाला त्याने ‘स्पेक्टेटर’च्या धर्तीचे साप्ताहिक लिहून देण्याची तयारी दाखवली, अटी जुळल्या नाहीत. शेवटी टेंपल भागातल्या वकिलांच्या आणि कागदवाल्यांच्या दारी कागदपत्रांच्या नकला उतरवून द्यायचे काम मागितले. तिथेही जागा नव्हती. फ्रँकलिन पामरच्या छापखान्यात खिळे जुळवत होता आणि त्याच्या मजुरीवर दोघांचे चालले होते. फ्रँकलिनने स्वातंत्र्य आणि अपरिहार्यता यांवर लिहिलेली एक पुस्तिका १७२५ मध्ये स्वतः छापली, ती राल्फलाच उद्देशून आहे.

पुढे राल्फ बर्कशरमधल्या एका खेड्यात मास्तर झाला. दहा-बारा मुलांना लिहायला-वाचायला शिकवायचे, दर मुलामागे आठवड्याला सहा पेन्स. आपण पुढे मोठे होणार आणि तेव्हा हे हलके काम कोणाच्या कानी जायला नको, म्हणून तिथे त्याने नाव सांगितले ते फ्रँकलिनचे! तिथून तो आपल्या महाकाव्याचे लांबलचक तुकडे टपालाने पाठवी. फ्रँकलिनने त्याला एडवर्ड यंगचे एक उपरोधकाव्य नकलून पाठवले. कवितेच्या नादाने पोट भरू पाहणाऱ्यांची त्यात खिल्ली होती. काही उपयोग झाला नाही.

मैत्री तुटली ती एका बाईवरून. राल्फ लंडनमध्ये जिच्याबरोबर राहत होता ती बायकांच्या टोप्या आणि झालरी शिवून विकणारी तरुणी होती. तो खेड्यात असताना ती अडचणीत आली, फ्रँकलिनने तिला पैसे दिले आणि मग तिच्याशी लगट करू पाहिली. तिने त्याला झिडकारले आणि राल्फला कळवले. राल्फने सांगितले, आता तुझे-माझे देणे फिटले. फ्रँकलिनचे सुमारे २७ पौंड बुडाले. ही हकिकत आपल्याला फ्रँकलिनकडूनच कळते, आणि त्याने स्वतःची चूक लपवलेली नाही. तरी वाचकाच्या लक्षात राहतात ते बुडालेले २७ पौंड. राल्फची बाजू राल्फने कुठे लिहून ठेवली नाही.

कवितेचा नाद त्याने सोडला नव्हता. १७२७ ते १७२९ या तीन वर्षांत ‘द टेंपेस्ट’, ‘नाइट’, ‘झ्यूमा’ अशी त्याची लांब काव्ये छापून आली. ती कोणी ना वाखाणली ना झोडपली, आणि तसेच राहिले असते तर बरे होते. पण १७२८ मध्ये पोपचे ‘डन्सियाड’ निघाले. पोटासाठी खरडणाऱ्या लेखकांची त्यात नावानिशी नालस्ती होती. राल्फचे नाव पहिल्या आवृत्तीत नव्हते. भांडण त्याचे नसताना त्याने ‘सॉनी’ नावाचे काव्य लिहून पोप, स्विफ्ट आणि गे या तिघांवर एकदम हल्ला चढवला. पोपने पुढच्या आवृत्तीत त्याला जागा करून दिली. ‘नाइट’वरून राल्फची गणना चंद्राकडे तोंड करून केकाटणाऱ्यांत झाली, आणि पुढच्या एका टिपेत असेही नमूद झाले की हा गृहस्थ शेवटी राजकीय वर्तमानपत्राच्या गटारात पोहोचला, तेही अर्नालच्या शिफारशीने आणि क्षुल्लक मोबदल्यावर.

सॅम्युएल जॉन्सनने पोपच्या चरित्रात लिहिले आहे की यानंतर प्रकाशकांचा राल्फच्या कुवतीवरचा विश्वास उडाला आणि काही काळ आपल्यावर उपाशी मरायची पाळी आली, अशी तक्रार राल्फ करत असे. ही गोष्ट गांभीर्याने घ्यायला हवी. होमरच्या भाषांतराची आगाऊ वर्गणी गोळा करून पोपने आयुष्यभराची ददात मिटवली होती. तो स्वतः बाजारातूनच श्रीमंत झाला होता, पण पुढारी सरदारांच्या वर्गणीचा बाजार वेगळा आणि पानावर दर ठरवून लिहून घेणाऱ्या प्रकाशकाचा बाजार वेगळा. पहिल्या बाजारातल्या माणसाने दुसऱ्या बाजारातल्या माणसाची भाकरी एका ओळीने काढून घेतली. ओळ उत्तम आहे. राल्फची कविता वाईट आहे, हेही खरे. तरीही हा सामना बरोबरीचा नव्हता.

कवितेतून हुसकावलेला राल्फ रंगभूमीकडे वळला. १७३० मध्ये गुडमन्स फील्ड्सच्या नाट्यगृहात हेन्री फील्डिंगचे ‘द टेंपल बो’ लागले, त्याची नांदी राल्फने लिहिली. त्याच वर्षी तिथेच त्याचे स्वतःचे ‘द फॅशनेबल लेडी’ हे प्रचलित चालींवरच्या गाण्यांचे नाटक झाले. लंडनच्या रंगमंचावर आलेले अमेरिकन माणसाचे हे पहिले नाटक मानले जाते. त्या काळात नाटककाराला मोबदला मिळे तो तिसऱ्या प्रयोगाच्या उत्पन्नातून. नशीब असेल तर सहाव्या आणि नवव्याही. दुसऱ्याच रात्री नाटक पडले तर लेखकाच्या हाती काहीच पडत नसे. पुढे राल्फने हेमार्केटच्या छोट्या नाट्यगृहात फील्डिंगबरोबर काम केले. फील्डिंगची राजकीय प्रहसने तिथे गाजत होती आणि वॉलपोल घायाळ होत होता. १७३७ मध्ये वॉलपोलने कायदा आणला: प्रत्येक नवे नाटक आधी सरकारी अधिकाऱ्याने तपासायचे आणि लंडनमध्ये नाटके करायची ती सनद असलेल्या नाट्यगृहांनीच. हेमार्केट बंद पडले. फील्डिंग वकिलीच्या अभ्यासाला लागला. राल्फपुढे तोही मार्ग नव्हता.

मग दोघे भेटले ते वर्तमानपत्रात. १५ नोव्हेंबर १७३९ रोजी ‘द चॅम्पियन’ निघाले. आठवड्यातून तीनदा निघणारे हे विरोधी पक्षाचे पत्र होते. कॅप्टन हर्क्युलीज व्हिनेगर हे काल्पनिक पात्र संपादकाच्या खुर्चीत बसवून फील्डिंग अग्रलेख लिही. राल्फकडे राजकारण होते. हे काम कसे चाले ते जरा जवळून पाहू या. संसदेतल्या भाषणांचा वृत्तांत छापणे हा हक्कभंग होता, १७३८ मध्ये तसा ठरावच पुन्हा झाला होता. त्यामुळे ‘जंटलमन्स मॅगझिन’ संसदेचे कामकाज गलिव्हरच्या लिलिपुट देशातली सभा म्हणून छापी, आणि पुढे काही वर्षे ते जॉन्सन लिहून देई. मंत्र्याचे नाव पूर्ण छापायचे नाही; पहिले आणि शेवटचे अक्षर छापून मधे आडवी रेघ ओढायची. अब्रुनुकसानीचा खटला झाला तर मुद्रक आधी पकडला जाई, म्हणून मुद्रकही मजकूर भीत भीत घेई. अशा परिस्थितीत राल्फने ‘चॅम्पियन’मध्ये एक सदर चालवले. आठवड्याभरातली सगळी वर्तमानपत्रे, सरकारी आणि विरोधी, पुढ्यात घेऊन कोणी काय बातमी दिली, कोणी कशावर पांघरूण घातले, दोघांच्या म्हणण्यांत मेळ कुठे बसत नाही, याचा तो सार काढी. स्पेनशी युद्ध सुरू झाले होते, बातम्या उलटसुलट येत होत्या. वाचकाला अशा वेळी शैलीदार निबंधापेक्षा हे सदर अधिक उपयोगी पडले असणार.

पोपने ज्याला गटार म्हटले तिथे राल्फला त्याचे खरे काम सापडले होते. त्याला कल्पनाशक्ती बेताची होती, पण कागदपत्र वाचायची अफाट चिकाटी होती. दोन परस्परविरोधी हकिकती शेजारी ठेवून त्यांतले सत्य काढणे त्याला जमत होते. फील्डिंग १७४१ च्या सुमारास ‘चॅम्पियन’मधून बाजूला झाला; राल्फ टिकून राहिला.

याच चिकाटीतून त्याचा इतिहासग्रंथ झाला. मार्लबरोच्या वयोवृद्ध डचेसने १७४२ मध्ये आपल्या दरबारी आयुष्याची कैफियत छापली, तेव्हा राल्फने त्याच वर्षी ‘दुसरी बाजू’ अशा अर्थाच्या नावाचे जाडजूड उत्तर लिहिले. त्यानंतर १७४४ आणि १७४६ मध्ये त्याच्या इंग्लंडच्या इतिहासाचे दोन प्रचंड खंड निघाले. मुखपृष्ठावर विल्यम, अ‍ॅन आणि पहिला जॉर्ज अशा तिघांच्या राजवटींचे आश्वासन होते; लिहून झाली ती दुसरा चार्ल्स आणि दुसरा जेम्स यांच्यावरील प्रस्तावनेसह एकट्या विल्यमची. बिशप बर्नेटचा इतिहास तेव्हा प्रमाण मानला जाई. राल्फने त्याला तपासायला घेतले. त्याची पद्धत पत्रकाराची होती: त्या काळात निघालेल्या पक्षीय पत्रिका, ज्या इतरांनी रद्दी म्हणून सोडून दिल्या होत्या, त्या त्याने गोळा केल्या, टोरींचे म्हणणे आणि व्हिगांचे म्हणणे समोरासमोर ठेवले आणि साक्षीदारांची उलटतपासणी करावी तसा तो दोघांना प्रश्न विचारत गेला.

या ग्रंथाला मान मिळाला, पण उशिरा. चार्ल्स जेम्स फॉक्स हा स्वतः मोठा संसदपटू. दुसऱ्या जेम्सच्या राजवटीवरचे त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८०८ मध्ये निघाले. त्यात त्याने राल्फला कुशाग्र आणि कष्टाळू इतिहासकार म्हटले आहे, आणि घडून गेलेल्या परिणामांवरून माणसांचे हेतू ठरवायची चूक तो कधीकधी करतो, असा नेमका दोषही दाखवला आहे. पुढे हेन्री हॅलमने घटनात्मक इतिहास लिहिताना दुसऱ्या चार्ल्सच्या काळासाठी राल्फसारखा मेहनती इतिहासकार दुसरा नाही, असा निर्वाळा दिला. ‘नाइट’चा कर्ता म्हणून ज्याची टर उडाली, त्याच्या वाट्याला शंभर वर्षांच्या आत हे आले.

त्याच्या हयातीत मात्र इतिहासाने घर चालले नाही. घर चालले ते राजकारणाने. जॉर्ज बब डॉडिंग्टन हा धनाढ्य, हौशी आणि सतत पक्ष बदलणारा राजकारणी राल्फचा आश्रयदाता झाला. युवराज फ्रेडरिकचे बाप दुसऱ्या जॉर्जशी पटत नव्हते आणि विरोधक युवराजाभोवती जमले होते. १७४७ च्या अखेरीस त्या गोटाने ‘द रिमेंब्रन्सर’ हे साप्ताहिक काढले. लेखक राल्फ, टोपणनाव जॉर्ज कॅडवॉलडर. युवराज गादीवर आला की सगळ्यांचे भाग्य उजळणार होते. २० मार्च १७५१ रोजी युवराज वारला. पुढच्या राज्याची स्वप्ने एका रात्रीत विरली आणि काही महिन्यांत ‘रिमेंब्रन्सर’ही बंद पडले.

१७५३ च्या जूनमध्ये राल्फ पुन्हा उभा राहिला. बेडफर्डचा ड्यूक आणि जमैकातल्या ऊसमळ्यांवर गब्बर झालेला विल्यम बेकफर्ड यांनी पैसा घातला आणि ‘द प्रोटेस्टर’ निघाले. सरकार हेन्री पेलमचे होते. ज्यू लोकांना नागरिकत्व देण्याच्या कायद्यावरून त्या उन्हाळ्यात देश पेटला होता आणि पुढच्या वर्षी निवडणूक होती. अशा वेळी पंधरा वर्षे मुरलेला, कागदपत्रे तोंडपाठ असलेला टीकाकार सरकारला परवडणारा नव्हता. डेव्हिड गॅरिक या विख्यात नटाने मध्यस्थी केली. पेलमने राल्फला वर्षाला दोन-तीनशे पौंडांचे वर्षासन बांधून दिले. १० नोव्हेंबरला, २४ अंकांनंतर ‘प्रोटेस्टर’ बंद झाले. आधीच्या मालकांकडून घेतलेल्या रकमेचा हिशेब राल्फने चुकता केला आणि मंत्रिमंडळाविरुद्ध लिहिणे सोडले.

राल्फच्या आयुष्यातला सोडून देता न येणारा व्यवहार हाच. डॉडिंग्टन, युवराज, बेडफर्ड यांच्याकडून त्याने घेतले ते लिहिण्याचे पैसे होते. धनी बदलले, तरी १७३९ पासून १७५३ पर्यंत त्याची भूमिका एकाच रेषेत चाललेली दिसते: मंत्र्यांनी संसद विकत घेणे हा राज्याचा रोग आहे. तो जे मानत होता तेच लिहीत होता आणि त्याबद्दल कोणी त्याला पैसे देत होते, एवढेच. पेलमकडून घेतलेले पैसे न लिहिण्याचे होते. मंत्र्यांच्या खरेदी-विक्रीवर चौदा वर्षे लिहिणाऱ्या माणसाने शेवटी स्वतःच्या मौनाची किंमत करून घेतली. त्याला संधिवाताने ग्रासले होते, हात आखडत होते, पन्नाशी जवळ आली होती. हे सगळे समजून घेऊनही तो व्यवहार होता तोच राहतो. नऊ वर्षांनी सॅम्युएल जॉन्सनलाही ३०० पौंडांचे सरकारी वर्षासन मिळाले. आपल्याच शब्दकोशात त्याने अशा वर्षासनाची कडवट व्याख्या केली होती, म्हणून तो अडखळला. पंतप्रधान लॉर्ड ब्यूटने त्याला सांगितले की हे पुढे काही करावे म्हणून नाही, आजवर केले त्याबद्दल आहे. राल्फला असे कोणी सांगितले नाही, आणि सांगता आलेही नसते.

मात्र राजकारणावरचे मौन म्हणजे सगळे मौन नव्हे. १७५६ पासून तो राल्फ ग्रिफिथ्स नावाच्या प्रकाशकाच्या ‘मंथली रिव्ह्यू’त पुस्तकपरीक्षणे लिहू लागला. हा ग्रिफिथ्स कसा होता ते ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या हकिकतीवरून कळते. १७५७ मध्ये त्याने गोल्डस्मिथला आपल्या घरी जेवून-खाऊन राहायला ठेवले आणि रोज परीक्षणे लिहून घेतली; काही महिन्यांत गोल्डस्मिथ पळाला. १७५८ मध्ये याच ग्रिफिथ्सने राल्फची शेवटची आणि सर्वांत चांगली पुस्तिका छापली. लेखन हा ज्यांचा धंदा आहे त्यांची बाजू, असा तिचा विषय.

त्यात तो म्हणतो की पोटासाठी लिहिणाऱ्याला तीनच गिऱ्हाइके आहेत: प्रकाशक, रंगभूमी आणि राजकीय गट. तिन्ही त्याने स्वतः करून पाहिलेली होती, म्हणून या भागात एकही वाक्य ऐकीव वाटत नाही. प्रकाशकाला फक्त खप दिसतो आणि तो लेखकाला कागदाच्या तावावर मोजतो. १७१० च्या कायद्याने हस्तलिखिताचा हक्क लेखकाला दिला खरा, पण भुकेला लेखक तो पहिल्याच दिवशी एकरकमी विकून मोकळा होतो. रंगभूमी १७३७ नंतर दोन सनदी नाट्यगृहांच्या हातात गेली. व्यवस्थापकाने दार लावले की शहरात दुसरे दार नाही. राजकीय गट काम असेपर्यंत गळ्यात हात घालतो आणि गादी मिळाली की ओळख विसरतो. माळ्यावर बसून लिहिणारा लेखक आणि खाणीत राबणारा गुलाम यांच्यात त्याला फरक दिसत नाही.

त्याच्या पुस्तिकेचा खरा जोर यापुढे आहे. वकील पैसे घेऊन वाद घालतो, वैद्य पैसे घेऊन औषध देतो, पाद्री पगार घेऊन प्रार्थना करतो, शिपाई पैसे घेऊन लढतो; कोणाच्या अब्रूला धक्का लागत नाही. मग लेखकाने मोबदला मागितला की त्याच्या प्रतिभेवर शंका का? राल्फच्या मते ही शंका घेणारे बहुधा खाऊन-पिऊन सुखी असतात. फावल्या वेळात लिहिणारा सरदार आणि रोजंदारीवर लिहिणारा लेखक यांत पहिल्याचे लिखाण आपोआप शुद्ध ठरवायचे, याला त्याने थेट हरकत घेतली. आणि मग तो लेखकांना सांगतो की एकत्र या. संघटना केली तर आश्रयदात्यांची गरज उरणार नाही आणि प्रकाशकांनी आपसांत बांधलेल्या जुटीलाही मात देता येईल. १७५८ साली हे सांगणे सोपे नव्हते. कारागिरांनी मजुरीसाठी जूट करणे तेव्हा गुन्ह्यात मोडे, आणि लेखक तर स्वतःला कारागीर म्हणवून घ्यायलाच तयार नव्हते.

पुस्तिकेत नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांवर जे कोरडे ओढले होते ते गॅरिकला झोंबले. तो तेव्हा ड्र्युरी लेनचा व्यवस्थापक होता, आणि ज्याला त्याने वर्षासन मिळवून दिले होते त्या माणसानेच हे लिहिले होते. त्याने राल्फशी बोलणे कायमचे सोडले. कृतघ्नपणा म्हणून याचा उल्लेख अनेकांनी केला आहे. राल्फला मात्र नाट्यव्यवस्थेबद्दल लिहायचे होते आणि गॅरिकचे उपकार लक्षात घेऊन ते प्रकरण गाळले असते तर पुस्तिका लंगडी झाली असती. पाच वर्षांपूर्वी पेलमच्या वेळी गमावलेला ताठा इथे थोडा परत दिसतो.

१७५७ मध्ये फ्रँकलिन पेनसिल्व्हानियाचा प्रतिनिधी म्हणून लंडनला आला. मध्ये तीस वर्षे गेली होती. त्याने राल्फला शोधून काढले आणि फिलाडेल्फियातल्या त्याच्या मुलीचे पत्र दिले. ज्या मुलाला मागे टाकून तो निघाला होता ते आता मुलाबाळांत असलेली बाई झाले होते. राल्फने इंग्लंडमध्ये दुसरा संसार मांडला होता, त्याला एक मुलगी होती, आणि अमेरिकेत आपले कोणी आहे हे त्याने या बायकोला सांगितले नव्हते. त्यामुळे पत्रव्यवहार फ्रँकलिनमार्फतच होणे त्याला सोयीचे होते. जुने भांडण दोघांनीही काढले नाही. २४ जानेवारी १७६२ रोजी चिझिक इथे राल्फ संधिवाताने वारला. फ्रँकलिनने आत्मचरित्र लिहायला घेतले ते १७७१ मध्ये.

लेखकांनी एकत्र यावे ही राल्फची सूचना त्याच्या पिढीने उचलली नाही, पुढच्या दोन-तीन पिढ्यांनीही नाही. १८८४ मध्ये वॉल्टर बेझंट या कादंबरीकाराच्या पुढाकाराने लंडनमध्ये ‘सोसायटी ऑफ ऑथर्स’ स्थापन झाली आणि राजकवी टेनिसन तिचा पहिला अध्यक्ष झाला. सोसायटीने सुरुवातीच्या वर्षांत हाती घेतलेल्या कामांत एक मोठे काम हे होते की छपाई, कागद आणि बांधणी यांना प्रत्यक्ष खर्च किती येतो ते जाहीर करायचे. निम्म्या नफ्याच्या कराराने पुस्तक देणाऱ्या लेखकाला प्रकाशक खर्च फुगवून दाखवत, आणि वही पाहायला मागण्याची सोय लेखकाला नव्हती.